तळमजल्यावर राहतो म्हणजे मालक होत नाही

आधी चहा संपवा. मध्येच ठसका लागला तर मला बोलायचं नाही! आयुष्यात गाढवपणा मी पुष्कळ केला हो, पण रीतसर छापून, खोक्यात घालून, गावोगाव पोचता केलेला गाढवपणा हा एकच.

तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते, आणि मी पाण्याचे पंप आणि घरघंट्या बनवणाऱ्या एका कंपनीत माहितीपुस्तिका लिहीत होतो. माहितीपुस्तिका कळली ना? खोक्यात सगळ्यात वर असते आणि सगळ्यात आधी रद्दीत जाते, ती!

प्रत्येक यंत्राची पुस्तिका वेगळी, पण सावधानतेची सूचना सगळ्यांत तीच. तिच्यातला एक शब्द बदलायचा म्हटलं की झाडून सगळ्या फायली उघडा. शेवटी मी देवधर साहेबांचं डोकं खाऊन नवी पद्धत आणली. मजकुराचा प्रत्येक तुकडा एकदाच लिहायचा आणि कॉम्प्युटरमधल्या एका कोठारात ठेवायचा. पुस्तिका तिथूनच तो उचलणार. यंत्राच्या नावाची जागा मोकळी. पंपाच्या पुस्तिकेत आपोआप ‘पंप’, घरघंटीच्या पुस्तिकेत ‘घरघंटी’! वर कोणी, कधी, कशासाठी काय बदललं याची कायमची नोंद. चुकलं तर जुना मजकूर परत. आहे की नाही बहार?

“दिवाळीपर्यंत चालवून बघा,” साहेब म्हणाले. “घोळ झाला तर पद्धत बंद. आणि गोडाऊनमध्ये तुमची जुनी खुर्ची अजून आहे.”

गोडाऊन! अहो, तिथून सुटायला मी काय काय केलं होतं! म्हणून मी भिंतीवर पाटीच लावली: ‘येथे मजकूर एकदाच लिहिला जातो. नक्कल करणाऱ्याने दुसरी नोकरी पाहावी.’

माझी सहकारी रेवती, अमरावतीची. पाटी वाचून म्हणाली, “काहून सर, एवढं भेव दाखवून राहिले?”

“शिस्त, रेवती, शिस्त!”

आता जरा वारज्याला चला. तिथे आमची सोसायटी. मी चौथ्या मजल्यावर आणि शिवाय सोसायटीचा सेक्रेटरी. तळमजल्यावर, पंपाच्या खोलीला लागून, नेने आप्पा. महापालिकेचं पाणी यायचं दुपारी, आणि आप्पांची झोप एक ते चार. पंप सुरू झाला की आप्पा उठायचे, बटण बंद करायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. संध्याकाळी मी घरी येऊन नळ सोडला की नळातून नुसता सुस्कारा!

एका शनिवारी ऑफिसात बसून मी ठरवलं, आज नोटीस लावायचीच. सोसायटीचा पंप आमच्याच कंपनीचा. मग सूचना नव्याने कशाला लिहू? आणि नक्कल? छे, छे! पाटी कोणी लावली होती? मी कोठारातली सावधानतेची सूचनाच उघडली आणि, यंत्राच्या नावाची जागा शिस्तीत मोकळी ठेवून, तिच्याखाली तीन वाक्यं जोडली: ‘दुपारी एक ते चार या वेळेत पंप बंद करू नये. आवाजाचा त्रास होत असल्यास स्वतःच्या कानात बोळे घालावेत. तळमजल्यावर राहतो म्हणजे मालक होत नाही.’

पंपासाठी प्रिंट काढली. हाताच्या सवयीने मजकूर जतन केला. कॉम्प्युटरने बदलाचं कारण विचारलं, तेही भरलं. शिस्त म्हणजे शिस्त!

नोटीस लावली. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली पेन्सिलीने एकच शब्द: ‘वाचले.’ आणि पंप बंद.

सोमवारी रेवतीने कोठारातून नव्या पुस्तिका तयार केल्या आणि छापायला धाडल्या. मी तर ती सूचना विसरूनही गेलो होतो.

काही दिवसांनी साहेबांनी बोलावलं. समोर लोणी काळभोरचे आमचे सगळ्यात मोठे विक्रेते बबनराव, लालबुंद होऊन बसलेले.

“यांच्या गिऱ्हाइकांचा अपमान आपण छापला आहे म्हणे. दिवाळीची ऑर्डर रद्द करायला आलेत,” साहेब म्हणाले. “तुमच्या सावधानतेच्या सूचनेत.”

मला वाटलं, घातपात! पण घाबरलो का? मुळीच नाही. उलट छाती फुगली.

“साहेब, हेच तर आपल्या पद्धतीचं वैशिष्ट्य! चोर आत्ता भिंतीवर दाखवतो. रेवती, प्रोजेक्टर लाव. आणि हो, सगळ्यांना बोलाव!”

सगळे जमले. कॉम्प्युटर तेव्हा आमच्यासारखेच, उठायला वेळ घ्यायचे. तेवढ्यात बबनरावांनी तोंड उघडलं.

“एका गड्याच्या हिरीतलं पाणी संपलं, तरी पंप चालूच! का? तर म्हणं चारपस्तोर बंद करायचा न्हाई. एका वैनीनं कानात बोळं घालून तीन तास रिकामी घरघंटी फिरवली. ते बी जाऊ द्या. पर ‘तळमजल्यावर राहतो म्हणजे मालक होत नाही’? अवो, आमच्यात समदी तळमजल्यावरच राहत्यात! मंग आमी काय भाडेकरू हाय?”

मित्रहो, ही तर माझीच तीन वाक्यं! मी हळूच प्रोजेक्टरची पिन ओढली.

“लाइट गेली वाटतं.”

“पंखा फिरतोय,” साहेब म्हणाले. “लावा.”

लावली. भिंतीवर हातभर अक्षरांत माझं नाव. आणि खाली, ‘बदलाचे कारण: नेने आप्पांचा बंदोबस्त.’

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि शांतपणे विचारलं, “हे नेने आप्पा आपल्या कुठल्या मॉडेलला बसतात?”

मग जो काही हशा झाला म्हणता! मी हात जोडून नळापासून बोळ्यांपर्यंत सगळं सांगितलं. रेवतीने तिथल्या तिथे जुना मजकूर परत आणला. छापलेल्या पुस्तिकांत त्या तीन वाक्यांवर कागदी चिकटपट्टी लावायचं ठरलं. बबनराव हसून हसून डोळे पुसत होते. ऑर्डर त्यांनी कायम ठेवली, पण एक पुस्तिका मात्र पिशवीत टाकली. “हिला पट्टी लावू नगा. भावकीत कामाला येईल.”

“पद्धत चांगली आहे,” साहेब म्हणाले. “चोर खरंच सापडला. फक्त यापुढे दुसऱ्याने तपासल्याशिवाय कोणाचाही मजकूर कोठारात जाणार नाही. यांचा तर रेवतीच तपासेल.”

गोडाऊन टळलं! मी खुशीत घरी.

पण तेवढ्यात सोसायटीचा पंप जळला आणि नवा आणला, अर्थात आमच्याच कंपनीचा. त्याची पुस्तिका पडली आप्पांच्या हाती. आख्ख्या महाराष्ट्रात पुस्तिका पहिल्या पानापासून वाचणारा एकच माणूस, आणि तो आमच्या तळमजल्यावर! त्यांनी चिकटपट्टी पाहिली, ओल्या फडक्याने अलगद सोडवली आणि चार मजले चढून वर आले.

“काय हो सेक्रेटरी, आता आम्हाला सगळीकडे पोचवलंत?”

मी चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. चोराची भिंत, साहेबांचा नियम, सगळं. आप्पांनी चहा संपवला. म्हणाले, “नियम उत्तम आहे.” आणि पुढच्या सभेत तोच ठराव मांडून एकमताने मंजूर करून घेतला.

तेव्हापासून मी लिहिलेली सोसायटीची प्रत्येक नोटीस आधी नेने आप्पा तपासतात.

एक ते चार सोडून.