बारदाना काप

चंद्रपूर-गडचिरोलीकडचा पोट्टा लिहून राह्यला म्हणजे आता झाडीतून वाघ निघन, असं तुमाले वाटत असन. वाघ नाई. मी एक कम्प्युटर प्रोग्राम कसा तोडला, ते सांगून राह्यलो. रक्त मात्र आहे, काळजी करू नका.

मूलच्या एका राइस मिलमधे मी काट्याच्या खोलीत बसत होतो. गाडी काट्यावर चढली की वजन कम्प्युटरमधे याचं अन् चिठ्ठी निघाची. तो प्रोग्राम नागपूरच्या एकानं लिहिला, दुसऱ्यानं त्याले ठिगळं लावली. सगळं काम एकाच लांबलचक फंक्शनमधे, म्हणजे हुकमायच्या एकाच यादीत. खालचं वाचेपर्यंत वरचं इसरून जाय.

त्या दिवशी पोंभुर्ण्याकडून धानाची बैलगाडी आली. धानाचा मालक मागून मोटरसायकलनं. घरी त्यानं धान सोता मोजलं होतं. चिठ्ठीत कमी निघालं. गाडीवानानंच रस्त्यात इकलं म्हणून त्यानं त्याच्या हातची तुतारी हिसकली, बैल हाकलाची खिळेवाली काठी, अन् हाणाले लागला. पह्यला फटका पाठीवर. दुसऱ्यात कान फाटला. हमाल गोल करून पाहत होते.

"एक दाणा नाई इकला मालक," गाडीवान म्हणे.

"मंग मशीन खोटं बोलते काय?"

मले हंगामभर तोच संशय होता. मी प्रोग्राम उघडला. पण बाहेर फटका बसला की इकडे माही ओळ हरवे. मंग मी ते फंक्शन तोडालेच बसलो. एका कामाचा एक तुकडा, अन् त्याले नाव. नावं तयारच होती. आमचा काटेवाला दर गाडीले हीच कामं नाकातून ओरडे, अन् चहाच्या टायमाले मी त्याची नक्कल करून हमालायले हसवत जाओ. गाडी घे. बारदाना काप, म्हणजे रिकाम्या पोत्यायचं वजन कमी कर. ओल काप. चिठ्ठी फाड.

तरी खाली एक तुकडा उरला. वाचला, तर तोही पोत्यायचंच वजन कमी करत होता. मी बारदाना काप टाइप केलं. मशीननं घेतलं नाई. म्हणे, या नावाचं आधीच आहे.

काटेवाला एका गाडीवर हे दोनदा कधीच ओरडला नव्हता.

बाहेर तुतारी मोडली. मालकानं गोटा उचलला. मी खिडकीतून डोकं काढलं अन् काटेवाल्याच्या आवाजात ओरडलो, "बारदाना काप. अजून एकडाव बारदाना काप."

हमाल सवयीनं हसले. मंग एकाएकाचं हसू थांबलं. काटेवाला तणतणत आत आला. मी त्याले दोन्ही तुकडे दाखवले, खालचा उडवला, चिठ्ठी पुन्हा फाडली. वजन मालकाच्या मापाले बरोबर जुळलं.

मालकानं गोटा टाकला, चिठ्ठी खिशात घातली अन् मोटरसायकलकडे निघाला. हमालायनं त्याच गोट्यानं तिचा दिवा फोडला. मंग त्याले धरून तुडवला.

मी हळद घेऊन गाडीवानाजवळ गेलो. शाबासकी भेटन असं वाटत होतं. त्यानं कान दाबून माह्याकडे पाह्यलं.

"मी मार खाऊन राह्यलो अन् तू आतमधी बसून आवाज काढून राह्यला? लाज नाई वाटत? पह्यले येऊन त्याचा हात धराचा होता बे. मशीन मंग पाहाची होती."