दाराजवळ उभा असलेला किसनमामा

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. शिपायाने दारातून हाताने खूण केली, मी खडू ठेवून कार्यालयात गेले. पलीकडे एक माणूस इंग्रजीत, मला समजावं म्हणून अगदी हळू बोलत होता. आपलं नाव एरिक, कॅनडात किसनबरोबर बरीच वर्षं काम करतो, असं त्याने सांगितलं. मग त्याने बातमी सांगितली. किसनमामा झोपेतच गेला होता.

घरी आले तेव्हा आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. किसनमामा तिचा धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर वारली, म्हणून शेवंताने, म्हणजे माझ्या आईनेच त्याला वाढवलं. मी तिच्याजवळ बसून सांगितलं. तिचे हात शेंगा सोलत राहिले. मग तिने विचारलं, "जातानी तोंड उघडं व्हतं न त्याचं?"

दुसऱ्या कोणाला हा प्रश्न विचित्र वाटेल. पण माझा मामा परदेशातल्या टीव्ही मालिकांत काम करायचा, आणि एवढ्या वर्षांत त्याचा चेहरा पडद्यावर एकदाही दिसला नाही. त्या मालिका परग्रहांच्या, अंतराळयानांच्या. मामा त्यात दुसऱ्या ग्रहावरचा माणूस असायचा. कधी पहारेकरी, कधी कैदी, कधी नुसतं प्रेत. चेहऱ्यावर रबराचा मुखवटा, डोळ्यांत रंगीत काचा, हातांना लांब बोटं. आईला एकच आस होती. आपला भाऊ आपण टीव्हीवर पाहावा आणि गावाला दाखवावा, की हा बघा, हा माझा किसन.

आमचं गाव आर्णी तालुक्यातलं. मामा लहानपणापासून ताडासारखा उंच. जयंतीच्या जलशात त्याला नेहमी राजाचं काम मिळे, कारण राजाचा अंगरखा दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर शोभत नसे. सुतारकाम शिकून तो आधी आखातात आणि तिथून कॅनडात गेला. तिथे एका स्टुडिओत प्लायवुडची अंतराळयानं ठोकायचं काम मिळालं. एकदा परग्रहावरचा उंच माणूस हवा होता आणि ठरलेला नट आला नाही. हातोडी खाली ठेवून मामा मुखवट्यात शिरला, तो पुन्हा सुतारकामाकडे वळलाच नाही.

मुखवटा चिकटवायला पहाटेपासून बसावं लागे. एकदा तो चढला की जेवण नाही, पाणी नळीने, आणि घाम आतल्या आत. त्यात चेहऱ्याचा उपयोग शून्य. तो म्हणायचा, "सुजाता, तिथं तोंडानं नाही, आंगानं बोला लागते." मोठ्या भूमिका त्याच्या वाट्याला आल्या नाहीत. पण कुठे कसं उभं राहायचं, नायकाचं वाक्य चालू असताना मागे किती हलायचं, हे त्याच्याइतकं जाणणारे थोडे होते, असं मला एरिकने नंतर सांगितलं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बारावीनंतर माझं लग्न उरकावं असं घरात चाललं होतं. तेव्हा मामाने एसटीडी बूथवर फोन करून आईला सांगितलं, "बाई, मी तोंड झाकून पोट भरतो. हिले तोंड उघडं ठेवून चार लोकांपुढं उभी राहू दे." पुढे दर फोनला तो माझ्याकडून इंग्रजी धडा मोठ्याने वाचून घ्यायचा. बूथबाहेरची माणसं कंटाळून निघून जायची, पण मामा "अजून एक परिच्छेद" म्हणायचा. आज मी वर्गात फळ्यापुढे उभी राहते, ते त्याच्यामुळे.

त्याची शेवटची भेट कापसाच्या त्या वाईट वर्षांतली. शेतकरी जीव देत होते, म्हणून आमच्याकडे वाहिन्यांच्या गाड्या यायच्या. मामा आला त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीत कॅमेरा आला होता. नवरा गेलेल्या एका बाईला त्यांनी घरातून बाहेर यायला सांगितलं, आणि उजेड नीट पडला नाही म्हणून पुन्हा आत जाऊन बाहेर यायला सांगितलं. मामा गर्दीमागे उभा होता. घरी येऊन म्हणाला, "मले मुखवटा लावायच्या आधी रोज इचारतात, लावू का म्हणून. तिले कोनं इचारलं नाही वं..." त्या दिवशी तो जेवला नाही.

तेव्हा त्याने एक सीडी आणली होती. दुपारी वीज नसायची, म्हणून संध्याकाळी आमच्या टीव्हीसमोर अर्धी वस्ती जमली. पडद्यावर मोठा दरबार होता आणि परग्रहावरची दहा-बारा माणसं. सगळ्यांचे मुखवटे एकसारखे, राखाडी. आमच्या शेजारचे गुलाबकाका म्हणाले, "बाप्पा, एवढ्या दूर जाऊन भूतच झाला काय बे किसन? इथं राह्यला असता तं दर जयंतीले राजा व्हता तू."

"तिथं राजेच लय झाले, काका," मामा म्हणाला. "भुतायची कमी व्हती."

लोक हसले. मग कोणीतरी आईला टोचलं, "याच्यातला तुहा भाऊ कोनता वं, शेवंता? का उगाच सांगून राह्यली?"

तेवढ्यात ती माणसं चालू लागली. आणि आई एकदम पुढे सरकली. ती चाल आमच्याकडच्या कोणालाही ओळखू येईल. फुटलेल्या कापसाच्या ओळीतून वेचणाऱ्या बाया अशाच चालतात. अंग आडवं करून, कोपर वर उचलून, पाऊल आधी बाजूला आणि मग पुढे, म्हणजे फांदी मोडत नाही आणि बोंडं गळत नाहीत. लहानपणी मामा आईबरोबर वेचणीला जायचा आणि उंचीमुळे फांद्या मोडायचा. तिनेच त्याला शिकवलं होतं. "आडवा व्हय. फांदी तुह्या आधीपासून हाये इथं." तीच चाल मामाने मुखवट्यात वापरली होती, आणि दिग्दर्शकाला ती या जगाबाहेरची वाटली होती.

आईने उठून टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं. समोरून दुसरा, सगळ्यांत सफाईने आडवा होऊन वळणारा. "हा. हा माहा किसन."

सगळे मामाकडे पाहू लागले. मामा हसला. "वळखलं न बाई. मीच तो."

त्या संध्याकाळचा आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यानंतर गावात कोणी तिला टोचलं नाही.

परत जाताना मी मामाला आर्णीच्या स्टँडवर सोडायला गेले. गाडीला वेळ होता. तो म्हणाला, "सुजाता, तो मी नव्हतो. तो एरिक. ते चाल मीच शिकवली साऱ्याइले, पन त्याले माह्यापेक्षा चांगली साधली. माहे गुडघे आता वाकत नाहीत. मी मागं व्हतो, दाराजवळ. नुसता उभा."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"एवढ्या लोकाइत तिनं बोट ठेवलं व्हतं. ते खाली कसं करू?"

गाडी लागली. तो खिडकीत बसला, वाकून, कारण आमच्या एसटीत त्याचं डोकं कधीच मावलं नाही. मी त्याला पाहिलं ते शेवटचं.

मामा वारल्यावर काही आठवड्यांनी एरिक स्वतः अस्थी घेऊन आला. वेचणीचे दिवस होते. एवढा गोरा, एवढा उंच पाहुणा गावात आल्यावर पोरं मागे लागली. विहारात वंदना झाली, अस्थी मागच्या बोधिवृक्षाच्या मुळाशी ठेवल्या. एरिक सगळ्यांसारखा हात जोडून खाली बसला होता. रात्री त्याला झोपायला खाट पुरेना, तेव्हा आईने पायथ्याशी स्टूल जोडला आणि म्हणाली, "किसनलेही असंच जोडा लागे."

त्याआधी, जेवणं झाल्यावर, तिने मला सीडी लावायला सांगितली. "पाहुन्याले दाखव आपला किसन."

मी सीडी लावली. दरबार आला, राखाडी माणसं आली, चालू लागली. आई उठली आणि काचेवर बोट ठेवलं. "हा. इचार त्याले, वळखला का?"

एरिक पुढे झुकला. स्वतःला त्याने लगेच ओळखलं असणार, कारण त्याचा हात मानेकडे गेला, जिथे मुखवट्याची कड चिकटवतात. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच सांगितलं नाही, नुसता आईचा प्रश्न इंग्रजीत विचारला. तो आईकडे वळून म्हणाला, "हो. हाच किसन."

मी ते आईला सांगितलं. "म्हन त्याले," ती म्हणाली, "किती चांगला चालते माहा भाऊ."

"आम्ही सगळे त्याच्याकडूनच चालायला शिकलो," एरिक म्हणाला. त्याचे डोळे मात्र आईच्या बोटाकडे नव्हते. ते पडद्याच्या कडेला, दाराकडे लागले होते, आणि ओले होते.

एरिक गेला. आई अजूनही अधूनमधून सीडी लावायला सांगते. ती उठते, बोट ठेवते, दृश्य संपेपर्यंत काढत नाही. मी तिच्या मागे उभी राहून दाराजवळ पाहते. तिथे एक उंच माणूस असतो, गुडघ्यावर भार न देता, चौकटीला किंचित टेकलेला. तो हलत नाही. पुढची सगळी माणसं आपापल्या जागी पोचेपर्यंत तो त्यांच्या पावलांकडे बघत असतो.