अर्ध्या पिळाची कडी

काल बायकोने मखरासाठी कणकेची खळ शिजवली, आणि त्या वासाने मला कुवेतमधल्या, सालमियाच्या याच फ्लॅटमधल्या एका जुन्या गणपतीत नेऊन सोडलं.

आमची गौरी तेव्हा नववीत होती. गणिताने तिला इतकं रडवलं होतं की विषय सोडायचा फॉर्म माझ्या सहीनिशी टेबलावर तयार होता. रविवारी, इथला आठवडा सुरू होताच, तो शाळेत द्यायचा होता. मी कागदी साखळ्या चिकटवत होतो. सांगतो ना, पार शहराबाहेर फिंतासला जाऊन परत येतील एवढ्या! त्या घाईत एका पट्टीला अर्धा पीळ पडला आणि ती तशीच चिकटली.

गौरीने चूक दाखवायला त्या कडीवरून पेन्सिल फिरवली. पेन्सिल न उचलता रेघ दोन्हीकडे उमटली आणि निघाली तिथेच परत आली.

“बाबा, इट हॅज ओन्ली वन साइड!”

“मुद्दाम केलं,” मी ठोकून दिलं.

“थापा पुरे!” बायको आतून ओरडली.

गौरीने मोबाइलवर शोधलं. एकोणिसाव्या शतकात, तारे बघण्यात आयुष्य घालवलेल्या एका जर्मन गणितज्ञाला हीच कडी सापडली, तेव्हा तो सत्तरीला टेकला होता.

“सेव्हंटी, बाबा! आय ॲम ओन्ली फोर्टीन.”

तिने कात्री घेतली, त्या फॉर्मची सहीसकट लांब पट्टी कापली, पीळ दिला आणि खळ लावली. चांगला फॉर्म वाया गेला म्हणून मी हळहळलो होतो.

आज गौरी कॉलेजात गणित शिकवते. ती कडी दरवर्षी मखरावर चढते. माझी सही तिच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, हे मात्र गौरीलाही सांगता येत नाही.