ताईची उशी

फोन आला तेव्हा मी ताईचाच किस्सा सांगत होतो. ऑफिसात जेवणाची सुट्टी, चार डबे उघडलेले, आणि मी नेहमीसारखा पोळीचा घास हातात तसाच धरून हातवारे करत होतो. "काल पाटणहून बहिणीचा फोन. म्हणते, बंडू, माझी उशी पाठवून दे. मी विचारलं, उशीचं तिकीट फुल काढू की हाफ?" टेबल हसलं. समोरच्या मिश्राजींना ठसका लागला. तेवढ्यात भाचीचा, मुक्ताचा फोन. "मामा, आई को लेकर निकले थे जबलपुर के लिए... रस्त्यातच..." पुढे फक्त तिचं रडणं ऐकू आलं. मिश्राजी अजून हसत होते.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. सुधाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. भाऊजी गेल्यापासून आमच्याकडेच, जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात, मागच्या खोलीत राहायची. लहानपणापासून तिला धूळ सोसत नसे. गव्हाचा भुसा, उदबत्तीचा धूर, जुना कापूस, काहीच नाही. छातीतून बारीक शिट्टी वाजायला लागायची. पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हती. कोरड्या झाडूला तिच्या खोलीत बंदी, फरशी ओल्या फडक्यानेच पुसायची, पांघरुणं दर आठवड्याला कढत पाण्यात. देवापुढे तुपाचं निरांजन, उदबत्ती नाही. माझ्या घराच्या वास्तुशांतीला तिने भटजींना सांगितलं होतं, "गुरुजी, तुमचा अग्नी जरा अंगणात घ्या, माझा जीव घरात राहू द्या." आणि कुठेही मुक्कामाला जायचं तर स्वतःची उशी बरोबर. घट्ट विणीच्या कापडाची खोळ तिने स्वतः शिवली होती, चेनवाली. ताई आली की रिक्षातून आधी उशी उतरते आणि मग ताई, हे वाक्य माझंच. गेली वीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात मी ते खपवलं. लोक हसायचे, तीही हसायची. ती खरंच हसत होती का, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

डॉक्टरांनी तिला दम्याचे दोन पंप दिले होते. एक अडचणीचा, दम लागला की घ्यायचा, तो पर्समध्ये. दुसरा रोजचा, सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. "बरं वाटतं ते त्याच्यामुळेच," असं ती मला शाळामास्तरणीसारखी समजवायची. पंप घेऊन झाला की खळखळून चूळ भरायची, त्या आवाजावर आमच्या घरी चहा ठेवला जायचा.

मग मुक्ताचं लग्न जुळायला लागलं. मुलाकडचे जवळच्याच पाटणचे, शेतीवाले, घरात चार पिढ्या मराठी. मध्यस्थ मी, मामा म्हणून माझी छाती फुगलेली. पहिल्यांदा पाहुणे आले तेव्हा रोजचा पंप खिडकीत होता. मी तो उचलून तिच्या हातात दिला. "ताई, हे कुठेतरी ठेव बाई. मुलीकडे दमा आहे का, असं विचारत बसतील."

"काहून? चोरी करून राहिले का मी?"

"चोरी नाही. पण लग्न होईपर्यंत..."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आत नेऊन ठेवला. कुठे, ते मी विचारलं नाही. लग्न लागलं. कन्यादानाला होमाच्या धुरात ती तोंडाला पदर लावून पाऊण तास बसली. लोकांना वाटलं, मुलीची आई रडते आहे. मी मुलाच्या काकांना पानाचा विडा देत होतो.

चैत्रात व्याही स्वतः गाडी घेऊन आले, विहिणीला आठ दिवस न्यायला. मळणीचे दिवस, थ्रेशर चालू, "घर भरलेलं असताना या, मज्जा येते," असं आग्रहाचं बोलावणं. ते पुढच्या सीटवर बसलेले. ताई मागे, मांडीवर उशी. आणि मला, या घरच्या मानापानाच्या मुनिमाला, घाम फुटला. मी दार उघडून उशी काढून घेतली. "ताई, व्याह्यांकडे उशी घेऊन जातं का कोणी? त्यांच्या घरी काय उशा नाहीत?"

"अरे बंडू, त्यात..." ती म्हणाली, आणि तिने पुढे बसलेल्या व्याह्यांकडे पाहिलं.

"चलो, चलो, उशीर होऊन राहिला," मी म्हणालो आणि दार लावलं. व्याही हसले. उशी काखेत घेऊन मी हात हलवला.

सहाव्या दिवशी तिचा फोन आला. आवाज थोडा तुटक होता, मला वाटलं, नेटवर्क. "बंडू, कोणी इकडे येणार असेल तर माझी उशी पाठवून दे ना." आमच्या घरून पाटणला तासाभरात पोचता येतं. मी तिकिटाचा विनोद केला. ती म्हणाली, "अच्छा, राहू दे." दुसऱ्या दिवशी मी तो विनोद ऑफिसात नेला.

तेराव्यानंतर माझ्या बायकोने धुवायला म्हणून उशीची खोळ काढली. आत, कापसाला लागून, रुमालात गुंडाळलेला रोजचा पंप होता. बायकोने तो माझ्यासमोर ठेवला. मी कुठेतरी ठेव म्हणालो होतो, तिने तिथे ठेवला होता. लग्नानंतरही तिथेच राहिला, कारण आता लपवायचं नाही, असं तिला कोणी सांगितलंच नाही. सांगायचं मी होतो. व्याह्यांसमोर गाडीतून उतरून ती चेन उघडू शकत नव्हती, तेही माझ्याच सांगण्यावरून.

गेल्या आठवड्यात मुक्ता आली होती. तिने आईच्या फोटोसमोर निरांजन लावलं; एक शेजारीण उदबत्तीचा पुडा घेऊन आली, तो तिने हात जोडून परत दिला. मग मला विचारलं, "मामा, आईने आखरी फोन आपल्यालाच केला होता ना? क्या बोली?" मी म्हणालो, "काही नाही गं, तब्येत विचारली." पन्नाशी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर गोष्टी सांगत आलेला, आणि ही एक सांगता आली नाही.

मुक्ता मराठी अडखळत बोलते, पण वाचते. आईनेच शिकवलं. ज्या वर्तमानपत्रासाठी मी हे लिहितो आहे, त्याची ही पुरवणी दर रविवारी तिच्याकडे जाते, तिच्या सासऱ्यांना लागते. बेटा, तिने उशी मागितली होती. मी पाठवली नाही.

उशी आता माझ्या गाडीत मागच्या सीटवर आहे. पंप पुन्हा तिच्यात, तसाच रुमालात. हे छापून आलं की त्या दिवशी सकाळीच पाटणला निघेन. दार उघडायचं की नाही, ते मुक्ताने ठरवावं.