वर गेलं की नेटवर्क येतं

मंजुषा पोहरकर आमच्या सायकलच्या ग्रुपमध्ये पहिल्यांदा आली ती सलवार-कमीज घालून. ओढणी कमरेला गुंडाळलेली, हेल्मेट उलटं. मी ते सरळ करून दिलं, तेव्हा म्हणाली, "मला वाटलंच, पुढे असं टोक कशाला असेल." वय सत्तेचाळीस. इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम. डॉक्टरांनी शुगर वाढल्याचं सांगून व्यायाम सुचवला होता. जिममध्ये तिला कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून तिच्या नवऱ्यानं, सुशांतनं, तिला आमच्याकडे आणून सोडलं.

पहिले काही महिने ती सगळ्यात मागे असायची. चढ आला की उतरायची आणि सायकल ढकलत चालायची. पण कुरकुर नाही. मी बहुतेक वेळा तिच्यासोबत मागे राहायचे. मी पुण्याची, ती नागपूरची. तिच्या तोंडी "करून राहिली, जाऊन राहिली" ऐकलं की मला हसू यायचं, आणि माझ्या बोलण्याची ती दुप्पट टिंगल करायची. दोन वर्षांत आमची अशी मैत्री झाली की शनिवारी सायकल चालवायला भेटतो की बोलायला, ते आमचं आम्हालाच कळेनासं झालं.

बोलण्यात तिची आई नेहमी असायची. मंजुषाचे वडील लवकर गेले. आईनं नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी करून मंजुषाला आणि तिच्या धाकट्या भावाला, अतुलला, शिकवलं. आता आई अतुलकडेच होती. दर रविवारी सकाळी आपला चहा घेत मंजुषा तिला फोन लावायची, तेव्हा तिकडे रात्र झालेली असायची. सायकलच्या गोष्टी ऐकून आईला मजा वाटायची.

"इतकं चालवून पोचता तरी कुठे?" आई विचारायची.

"जिथून निघालो तिथेच, आई."

"मग गेलीच कशाला होतीस?"

हे मला सांगताना मंजुषा इतकी हसायची की सायकल रस्त्याच्या मधोमध जायची.

त्या वर्षी मार्चमध्ये आईला निमोनिया झाला. मंजुषा मिळेल त्या विमानानं नागपूरला गेली. तीन आठवडे दवाखान्यात आईच्या उशाशी बसली. आई बरी झाली, घरी आली, स्वतःच्या हातानं जेवायला लागली आणि म्हणाली, "जा आता तू. देवांग एकटा आहे." देवांग म्हणजे मंजुषाचा मुलगा, चौदा वर्षांचा. त्याचा बाप घरात असूनही आजीच्या लेखी तो एकटाच. मंजुषा परत आली. आल्यावर तिनं ठरवलं की जूनमधली डोंगरातली राइड करायचीच.

ही राइड आमच्याकडे जरा मानाची समजतात. पूर्वेकडच्या डोंगरांत ऐंशी मैल, चढामागून चढ. मंजुषानं एप्रिल-मे कसून तयारी केली. पावसात चालवली, ऑफिसच्या आधी उठून चालवली. मेच्या शेवटी घराजवळचा मोठा चढ ती पहिल्यांदा न उतरता चढली आणि वर पोचल्यावर रस्त्याच्या कडेला बसून रडली. म्हणाली, "यार नीना, माझ्याच्यानं होते हे."

राइडच्या आदल्या संध्याकाळी तिनं अतुलला फोन केला. मध्यंतरी आईला पुन्हा ताप आला होता, दवाखान्यात ठेवलं होतं. अतुल म्हणाला, ठीक आहे, झोपली आहे, तू आरामात जा.

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. छान हवा होती. पहिले पंचवीस मैल मंजुषा मजेत होती. झाडांच्या दाटीतून रस्ता खाली एका दरीत उतरला. तिथे एका जुन्या सभागृहाबाहेर टेबलं मांडून केळी, सँडविच आणि पाणी ठेवलं होतं. डेल नावाचे सत्तरीचे एक स्वयंसेवक सगळ्यांच्या बाटल्या भरून देत होते. मंजुषानं केळं सोलता सोलता जर्सीच्या मागच्या खिशातून फोन काढला. वाटेत कुठेतरी नेटवर्क आलं होतं तेवढ्यात अतुलचा आवाजी निरोप येऊन पडला होता. तिनं तो स्पीकरवर लावला. मीही ऐकला.

"मंजू, फोन लागून नाही राहिला तुझा. आईचं बरं नाही गं. डॉक्टर म्हणतात आता फार वेळ नाही. शुद्धीत आहे, तुझं नाव घेऊन राहिली. लवकर फोन कर. मी तिच्या कानाशी धरतो."

मंजुषानं फोन लावला. लागेना. माझ्या फोनवरही एक काडी नव्हती. तिनं केळं टेबलावर ठेवलं आणि डेलना विचारलं, फोन कुठून करता येईल? ते म्हणाले, या दरीत कुणाचाच फोन लागत नाही. सभागृहातली लाइनही कधीच बंद झाली. मागे गाव आहे ते आठ मैलांवर. "पण इथून चढ चढून माथ्यावर गेलात की लागतो. साडेतीन मैल."

"गाडी?" मी विचारलं.

राइडची व्हॅन एकच होती, आणि ती पडलेल्या एका माणसाला आणायला गेली होती. किती वेळात येईल ते डेलना सांगता येईना. वायरलेसवर ते कुणाला तरी बोलवत होते आणि त्यातून नुसती खरखर येत होती. "मी पाठवतोच तिला तुमच्यामागे," असं ते म्हणाले तोवर मंजुषा हेल्मेटही न घालता सायकलवर बसली होती. मी धावत जाऊन तिच्या डोक्यात हेल्मेट घातलं.

तो चढ अख्ख्या राइडमधला सगळ्यात वाईट. सुरुवातीलाच उभा. मी तिच्या शेजारून चालवत होते. तिनं सगळ्यात हलका गिअर टाकला होता, तरी पेडल जेमतेम फिरत होतं. मी म्हटलं, "फोन माझ्याकडे दे. मी पुढे जाते, वर जाऊन लावते."

"तू काय बोलशील तिच्याशी?" ती म्हणाली.

खरंच, मी काय बोलले असते?

एक पिकअप वरून खाली आली. मी हात केला. चालवणाऱ्या बाईनं हसून हात हलवला आणि ती निघून गेली. तिला वाटलं मी हॅलो म्हणतेय. त्यानंतर खालून एक गाडी वर गेली. तिला आम्ही दोघींनी हात केले. त्यांनी काच खाली करून "यू गॉट धिस!" असं ओरडून आम्हाला प्रोत्साहन दिलं. मी मोठ्यानं ओरडले, थांबा म्हणून, पण गाडी वळणाआड गेली होती.

मंजुषा एकदाही थांबली नाही. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. जवळ गेले तर म्हणत होती, "थांब हं, आई. थांब. आलेच." अर्ध्याच्या पुढे गेल्यावर तिचा श्वास इतका लागला की सायकल डोलायला लागली आणि ती आडवी पडली. गुडघा फुटला. मी सायकल उचलून दिली, पण ती पुन्हा बसली नाही. पेडलमध्ये अडकवायच्या तिच्या बुटांना खाली लोखंडी पट्ट्या होत्या, चढावर ते घसरत होते. तिनं बूट काढून गवतात फेकले, फोन हातात घेतला आणि नुसत्या मोज्यांवर चढ पळत सुटली. मी सायकलवरून मागे. जेमतेम तिच्या बरोबरीनं येत होते.

माथ्यावर एक बाई खुर्ची टाकून बसली होती. चढून येणाऱ्या प्रत्येकासाठी ती गाईच्या गळ्यातली मोठी घंटा वाजवायची. आम्ही दिसल्यावर ती उठून जोरजोरात घंटा वाजवायला लागली. "यू मेड इट! यू मेड इट!" मंजुषा तिच्या समोरून पळत गेली आणि फोन वर धरून उभी राहिली. फोन टिंग टिंग वाजत सुटला. एकामागून एक निरोप येऊन पडत होते. तिनं त्यातला एकही वाचला नाही. सरळ अतुलला व्हिडिओ कॉल लावला.

त्यानं उचलला. चेहरा दिसला आणि तिला कळलं. मलाही.

"गेली गं, मंजू. आत्ताच गेली."

मंजुषाची छाती जोरात वरखाली होत होती. मग ती म्हणाली, "फोन ठेव तिच्या कानाशी."

"मंजू, अगं..."

"ठेव म्हणते ना."

अतुलनं ठेवला असावा. पडद्यावर पांढऱ्या उशीचा कोपरा आणि थोडे पांढरे केस दिसत होते. मंजुषा रस्त्याच्या कडेला खाली बसली. फोन अगदी तोंडाजवळ घेऊन म्हणाली, "आई, मी मंजू. नेटवर्क नव्हतं गं इथे." आणखीही बोलली ती बरंच, पण हळू. मी लांब जाऊन उभी राहिले. घंटावाली बाई माझ्याकडे बघत होती. मी तिला सांगितलं. तिनं घंटा आतला लोलक मुठीत धरून खुर्चीखाली ठेवली आणि मागून येणाऱ्या कुणासाठीही पुन्हा वाजवली नाही.

थोड्या वेळानं डेल व्हॅन घेऊन आले. त्यांनी वाटेत तिचे बूट आणि सायकल उचलून आणली होती. मंजुषाच्या पायांतल्या मोज्यांना खाली भोकं पडली होती आणि रक्त आलं होतं. ते बघून त्यांनी पाण्याची बाटली आणली, गुडघे टेकून तिचे पाय धुतले, पट्टी बांधली. ती बांधू देत होती. आपले पाय कुणी धुतंय हे तिच्या लक्षातही आलं नसावं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा सुशांत तिकिटं शोधत होता. कुठल्याही विमानानं गेली तरी ती तिसऱ्या दिवसाच्या आधी पोचत नव्हती. अतुलनं विचारलं, थांबू का? मंजुषाच म्हणाली, नको, तिला बर्फावर ठेवू नका. तिला थंडी सोसत नाही.

म्हणून त्याच संध्याकाळी, आमच्याकडे जूनचा उजेड अजून पूर्ण गेलेला नसताना, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही नागपूरची दुसऱ्या दिवसाची सकाळ बघत बसलो. अंबाझरी घाट. चुलतभावानं फोन धरला होता. अतुल पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरत होता. देवांग आईच्या खुर्चीमागे उभा होता. त्याला धड मराठी येत नाही. त्यानं विचारलं, "मॉम, शुड आय बी डूइंग समथिंग?" मंजुषा म्हणाली, "नमस्कार कर, बेटा." त्यानं हात जोडले. अतुलनं अग्नी दिला तेव्हा चित्र अडकलं, आणि पुन्हा सुरू झालं तोवर सगळीकडे धूर होता.

नागपुरात अस्थी तेवढ्या तिच्यासाठी थांबवल्या होत्या. त्या सोडायला रामटेकला भाऊ-बहीण दोघं मिळून गेले. ती मला हे सगळं परत आल्यावर एकदा सांगत होती, अगदी शांतपणे. तेराव्याचं जेवण झाल्यावर अतुलची बायको तिला म्हणाली, "ताई, खरं सांगू? आईंचं आदल्या दिवशी सकाळपासूनच बिघडलं होतं. त्यांनीच यांना बजावलं, मंजूला सांगू नका. उद्या तिची रेस आहे. डोक्यात काही राहिलं तर पडेल सायकलवरून."

"म्हणजे मी फोन केला तेव्हा," मंजुषा मला म्हणाली, "ती जागी होती. तिथेच होती. अतुल म्हणाला झोपली आहे. मी बोलू शकले असते, नीना. आणि रेस नव्हतीच ती. कुणीही कधीही सोडून घरी जाऊ शकतं. मी तिला हे कधी सांगितलंच नव्हतं."

अतुलशी ती खूप भांडली. परतीच्या दोन दिवस आधीच विमानतळाजवळच्या हॉटेलात जाऊन राहिली आणि तिथूनच निघाली. नंतर कितीतरी महिने त्याच्याशी बोलली नाही. सायकल गॅरेजमध्ये तशीच होती. सुशांत तिला दर शनिवारी विचारायचा, जातेस का? ती "बघू" म्हणायची. मी तिच्याकडे जायचे. आम्ही मागच्या अंगणात बसायचो. पूर्वी तास तास बोलायचो, आता मीच बोलायचे. एकदा मी चुकून म्हणाले, तू तुझ्याकडून सगळं केलंस. ती उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली. त्यानंतर मी तसलं काही बोलले नाही.

नोव्हेंबरमध्ये ती आली पुन्हा. तळ्याकाठचा सपाट रस्ता होता. राइडनंतर आम्ही सगळे कॉफी प्यायला बसलो होतो, तेव्हा तिचा फोन वाजला. अतुल होता. ती बराच वेळ नुसती फोनकडे बघत राहिली. मग उठली, दाराबाहेर गेली. काचेतून ती दिसत होती. आधी अतुलच बोलत असावा, कारण ती नुसती ऐकत होती, डोळे पुसत होती. मी तिचं जॅकेट घेऊन बाहेर गेले तेव्हा ती म्हणत होती, "रडू नको रे. तू काय करणार होतास, तिनंच सांगितलं तर." शेवटी तिनं नाक पुसत विचारलं, "थंडी पडली का तिकडे?"

ती आता येते शनिवारी. चढाच्या राइडचं नाव निघालं की उठून बाटली भरायला जाते, आणि मीही विषय बदलते.