चिठ्ठी न काढता मिळालेली भूमिका

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. वाघोलीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ड्रॉइंग हॉल. मी ओंजळ पुढे करून उभी होते आणि दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी स्टीलच्या जगमधून, हातभर उंचीवरून, माझ्या ओंजळीत पाणी ओतत होता.

मागून आवाज आला, "भावा, अजून वरून घे. रिअल वाटलं पाहिजे."

हशा पिकला. पाणी मनगटावरून बाहीत शिरले. पहिल्या रांगेत खराडीच्या कंपन्यांतून आलेले पाहुणे मोबाइलवर चित्रीकरण करत होते.

हे माझ्या संमतीने चालले आहे, असे हॉलमधल्या प्रत्येकाला वाटत होते. म्हणून आधीचे सांगणे भाग आहे.

मी त्याच महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये एम.टेक. करत होते आणि ‘समाज आणि तंत्रज्ञान’ हा विषय शिकवणाऱ्या मॅडमची साहाय्यक होते. मॅडम व्याख्याने देत नसत. "ह्या मुलांना सर्किट जोडल्याशिवाय सर्किट कळत नाही, मग समाज नुसता ऐकून कसा कळेल?" असे त्या म्हणत. मला ते पूर्ण पटले होते. आम्ही मुलांना मंडईत नेले. कोण गाळ्यात बसून विकते, कोण बाहेर जमिनीवर, याचा त्यांनी मोजमापासह नकाशा काढला. एरवी मोटर आणि सेन्सरपलीकडे न पाहणारी मुले त्या नकाशावरून तासभर भांडली. हेच काम आयुष्यभर करायचे, असे मी त्या दिवशी ठरवले. त्यासाठी परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा होता. शिफारसपत्र मॅडम देणार होत्या.

जातीवरचे प्रात्यक्षिक आम्ही दोघींनी रचले. अर्ध्या वर्गाच्या मनगटाला लाल फीत. फीतवाल्यांनी अवजारांना हात लावायचा नाही. प्रत्येक वायर दुसऱ्याकडे मागायची आणि तरीही सर्किट पूर्ण करायचे. आधी आणि नंतर समानुभूती मोजणारी प्रश्नावली. एक नियम माझा होता: कोणाला कोणती भूमिका, हे चिठ्ठीनेच ठरेल. प्रयोग करणाऱ्याने माणसे निवडली की तो प्रयोग उरत नाही.

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या होत्या.

त्याच आठवड्यात, चहा पिताना, मी त्यांना आईची गोष्ट सांगितली. विदर्भात, लहानपणी, कापूस वेचताना मालकिणीने तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतले होते. ते नाकात गेले, ती खोकली, आणि शिंतोडे उडवले म्हणून तिला मार बसला. आई आज सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तरीही परक्या घरी ती पाणी मागत नाही. मी हे कुणालाच सांगितले नव्हते. मॅडमनी माझा हात हातात घेतला होता.

आमच्या आराखड्यात पाणी कुठेच नव्हते. मंगळवारी हॉलमध्ये शिरले तेव्हा टेबलावर जग होता.

"चिठ्ठ्यांना वेळ नाही गं, पाहुणे आलेत," मॅडम म्हणाल्या. "ही भूमिका तूच कर. तुला ती आतून माहीत आहे." मग माइक घेऊन त्यांनी आईची गोष्ट सांगितली. कापूस, खोकला, मार. सगळी. आईच्या नावासकट.

माझे हात पुढे झाले. शिफारसपत्र डोळ्यांपुढे होते. ते मी नाकारत नाही.

आणि मग तो हशा. आईवर.

मी ओंजळ सोडली. पाणी फरशीवर पडले.

"मॅडम, आपण चिठ्ठी काढली नाही."

"अगं, नाटक आहे हे. इतकं मनाला लावून घेऊ नकोस."

"मग जगखाली आपण उभ्या राहा."

मी बाहेर पडले.

दुपारी त्यांनी केबिनमध्ये बोलावले. चेहऱ्यावर आनंद होता. "बघ, मुलांची समानुभूती केवढी वाढलीय! विश्लेषण तू करायचंस. शोधनिबंधात तुझे आभार मानणार आहे मी."

"आईची गोष्ट मी आपल्याला सांगितली होती. वर्गाला नाही."

"असे अनुभव कपाटात ठेवायचे नसतात गं. मी तुमच्याच बाजूची आहे. आणि तुझ्या पत्राचंही बघायचंय ना आपल्याला?"

शिवी परकेही देतात. ही माझ्या गुरूची भाषा होती.

पुढच्या मंगळवारचा तास माझा होता. मी मुलांना निष्कर्षांचे आलेख दाखवावेत, अशी अपेक्षा होती. मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि फळ्यावर प्रश्न लिहिला: तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा असतो का? नाव लिहू नका. माहीत नसेल तर आत्ता घरी फोन करा.

थोडी चुळबुळ झाली. मग फोन लागू लागले.

"आई, मावशींचा कप कुठे असतो गं?… नाही, काही फुटलं नाही. कॉलेजचं काम आहे… सिंकखाली? बरं."

जग धरणारा मुलगा उठला. "मॅम, तो हायजीनचा इश्यू आहे."

"कारण विचारलेलं नाही. कप विचारलाय."

शेवटच्या बाकावरची एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "माझी आईच जाते कामाला. मी काय लिहू?"

"काही लिहू नकोस. आजची तपासणी तुझी नाही."

मॅडम मागे बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. "हे आपल्या आराखड्यात नाही."

"पाणीही नव्हतं, मॅडम."

मी त्यांच्यापुढेही चिठ्ठी धरली. त्यांनी ती घेतली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

शिफारसपत्र आले नाही. मी मागितले नाही. त्या प्रश्नावलीचे विश्लेषण केले नाही आणि आभारांतून माझे नाव काढायला लावले. परदेशी अर्ज मी केलाच. पत्राची जागा रिकामी ठेवून. शिकवणे सोडणार नाही. हातांनी शिकवणेही सोडणार नाही. पण माझ्या आईची ओंजळ यापुढे कुणाच्या प्रात्यक्षिकाचे साहित्य होणार नाही. माझ्या वर्गात मोजमाप होईल ते ओतणाऱ्याचे.

त्या तासाच्या शेवटी मी चिठ्ठ्या सर्वांसमोर उघडल्या आणि फळ्यावर नोंद केली. परत आलेल्या चिठ्ठ्या अठ्ठावन्न. कप वेगळा: एकेचाळीस.