कोलम नसलेलं दार

त्या गाजलेल्या गुप्तहेराच्या तरुणपणावरच्या मालिकेचा नवा सीझन आल्याची जाहिरात मोबाइलवर चमकली आणि तमिळ मुलखातल्या मैलापूरचा तो जिना डोळ्यांपुढे आला. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला, वरच्या खोलीत भाड्याने. खाली घरमालकीण, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या मराठी, सगळ्यांच्या मामी. संध्याकाळी फिल्टर कॉफीच्या वासात आम्ही दोघं ती मालिका लॅपटॉपवर बघायचो. त्यातला पोरगा चपलेच्या चिखलावरून माणूस ओळखायचा आणि दर वेळी मामी माझ्याकडे बघून भुवया उडवायच्या. मलाही तशी माणसं ओळखायची चटक लागली. एका सकाळी ऑफिसला निघालो, तर त्यांच्या दारात तांदळाच्या पिठाचा रोजचा कोलम, म्हणजे त्यांच्याकडची रांगोळी, नव्हता आणि मामी उंबऱ्याशी बसलेल्या. मी जिन्यातूनच ओरडलो, "कोलम नाही, डोळे लाल! मला सोडून रात्री पुढचे भाग पाहिलेत ना? पकडलं!" त्या हळूच म्हणाल्या, "माझी अक्का गेली रे पहाटे. घरात असं झालं की कोलम घालत नाहीत." आमच्याकडे रांगोळी फक्त दिवाळीला, मला हे ठाऊक नव्हतं, पण रडलेले डोळे तर पुण्यातही तसेच दिसतात. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांनीच मला मालिका बघायला हाक मारली. त्या भागात नेमका पोरगा चुकला, सगळ्यांदेखत एका निरपराध बाईवर आळ घेतला. मामींनी तेवढ्या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. नजर पडद्यावरून जराही हलू दिली नाही. आज जाहिरातीवर बोट ठेवलं आणि शेजारी कुणी नसतानाही मान खाली गेली.